पद संपेपर्यंत

नवऱ्याकडे गाजलेल्या संगीत नाटकांच्या प्रयोगांच्या रेकॉर्डचा मोठा संग्रह होता. हात उगारण्याआधी तो त्यातलं एखादं पद मोठ्या आवाजात लावायचा, म्हणजे शेजारी फक्त गाणं ऐकू जायचं. पद संपलं की मारही संपायचा. एवढा एक नेम मात्र तो पाळायचा. त्यामुळे कुठलं पद किती मिनिटांचं, हे तिला तोंडपाठ झालं होतं.

आज तिने आईला चोरून फोन केल्याचं त्याला कळलं. त्याने काढलेली रेकॉर्ड बघून तिला देव पावल्यासारखं झालं. पद जेमतेम साडेतीन मिनिटांचं होतं. मुखड्यालाच तिचा ओठ फुटला. अंतऱ्याला पट्टा निघाला. शेवटच्या तानेपर्यंत ती दात आवळून राहिली. पद संपलं. त्याने पट्टा खुर्चीवर टाकला.

"ऊठ. तोंड धुऊन ये."

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या ऑर्गनवाल्या काकांनी खिडकीतून भरभरून टाळ्या वाजवल्या.

"अहो रसिकराज, जीव तृप्त केलात. वन्स मोअर होऊन जाऊ दे!"

नवरा हसला.

"थोरामोठ्यांचा शब्द मोडू नये," तो म्हणाला आणि त्याने सुई पुन्हा सुरुवातीला नेऊन ठेवली.