ट्रेलरमधली जागा

उतारावर ट्रेलर पुन्हा झुलायला लागला. आधी थोडा डावीकडे, मग उजवीकडे, आणि दर झोक्याला आधीपेक्षा जास्त. पिकअपचं मागचं अंग त्याच्याबरोबर ओढलं जाऊ लागलं. त्यानं ब्रेकला पाय लावला नाही. अॅक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं. समोरून येणारी बस हॉर्न वाजवत अगदी चाटून गेली. वेग उतरला तसा ट्रेलर शांत झाला. त्यानं गाडी कडेला घेतली.

"बाबा, बास झालं," शेजारी बसलेली मुलगी म्हणाली. डॅशबोर्डवरचे तिचे हात अजून निघाले नव्हते. "उद्या तो माणूस गाडी बघायला येतोय ना? देऊन टाका त्याला. आई गेली. आता तुम्हाला रस्त्यावरून गोळा करून आणू का मी?"

भाड्यानं जनरेटर पुरवायचा त्याचा धंदा होता. पिकअपच्या हौद्यात अवजारांच्या पेट्या आणि केबलची रिळं, मागं ट्रेलरवर जनरेटर. कुणाची वीज गेली की त्याला बोलावणं यायचं. आयुष्यभर त्यानं हेच केलं आणि ट्रेलर कधी झुलला नव्हता. बायको गेल्यापासून मात्र झुलायला लागला. त्यानं टायर बदलले. ट्रेलर अडकवायचा जोडणीचा गोळा बदलला. स्प्रिंगचे पाटे तपासून घेतले. कशातच खोट निघाली नाही. म्हणजे खोट आपल्यातच, असं त्यानं धरलं. वय झालं. हात पहिल्यासारखे राहिले नाहीत. म्हणून गाडी विकायला काढली होती.

"उतर," तो म्हणाला. "जनरेटर बांधलेला बेल्ट बघून घेऊ."

दोघं मागं गेले. जनरेटर मागच्या फळक्याला खेटून उभा होता. त्यानं बेल्टवर थाप मारली.

"हे बघ. सकाळी ठेवला तिथंच आहे. बोटभर हललेला नाही. तुझ्या आईनं बांधलेला बेल्ट कायम सैल. मी असाच मागं ठेवायचो, उतरवायला सोपा पडतो म्हणून. पण पोचल्यावर बघावं, तर हा पार पुढं जाऊन बसलेला. ब्रेक लागला की सरकायचा. रोज बोलायचो तिला."

"मग ती काय म्हणायची?"

"'बरं, उद्या जास्त आवळते.' उद्या पुन्हा तेच. ऐकेल तर शपथ."

"तिच्या बेल्टला नावं ठेवू नका. तिच्या वेळी ट्रेलर असा कधी झुलला नाही." मुलगी ट्रेलरवर चढली. "ती बेल्ट बांधायची तेव्हा तुम्ही कुठं असायचा?"

"हातपाय धुऊन कपडे बदलायचो. गिऱ्हाइकापुढं नीट जायला नको?"

मुलगी पुढच्या टोकाला जाऊन खाली बसली. तिनं हातानं धूळ झटकली आणि फळी बोटांनी चाचपून बघितली.

"बाबा, इकडं या."

फळीत चार खळगे होते. जनरेटरच्या लोखंडी चाकांच्या मापाचे, तेल मुरून काळे झालेले. खळग्यांशेजारच्या, बेल्ट अडकवायच्या कड्या घासून घासून चकचकीत झाल्या होत्या. मागच्या कड्यांवरचा रंगसुद्धा अजून नीट उडालेला नव्हता.

"हा सरकून यायचा नाही," मुलगी म्हणाली. "सरकून आलेल्याचे खळगे पडत नाहीत. हा सगळा रस्ता इथंच बसून धक्के खात आलाय. वर्षानुवर्षं."

तो खळग्यांकडे बघत राहिला. मग त्यानं बेल्ट सोडला. पहार लावून दोघांनी जनरेटर पुढं ढकलला. दोघं असून दोघांनाही धाप लागली. चाकं खळग्यांत बसली आणि त्याच क्षणी पिकअपचं मागचं अंग दोन बोटं खाली दबलं.

आता त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. वजन मागं असलं की ट्रेलरची मान वर उचलली जाते, पिकअपची मागची चाकं हलकी पडतात. मग गाडी ट्रेलरला ओढत नाही, ट्रेलरच गाडीला हलवतो. त्यानं आपल्या हातांकडे बघितलं. हातांना काही झालं नव्हतं. आणि इतकी वर्षं गाडी सरळ गेली, त्यातही या हातांचा वाटा त्याला वाटला तेवढा नव्हता.

पुढच्या उतारावर ट्रेलर मुकाट मागून आला. मुलीनं डॅशबोर्डवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

"रोज एकटीनं जनरेटर पुढं ढकलला, वर बोलणी खाल्ली," ती म्हणाली. "पण सांगितलं का नाही हो तिनं तुम्हाला?"

त्यानं आरशातून मागच्या ट्रेलरकडे बघितलं.

काम एका छापखान्यात होतं. दुपारी तिथली वीज परत आली आणि दोघं सामान भरायला लागले. जनरेटर मुलीनंच पहार लावत पुढं नेला, चाकं खळग्यांत बसवली, बेल्ट आवळला. तो खाली उभा राहून बघत होता. हातपाय धुवायला गेला नाही.

"उद्याच्या माणसाचं काय करायचं?" मुलीनं विचारलं. "येऊ दे का त्याला?"

"नको म्हणून कळव."

केबलचं मोठं रीळ राहिलं होतं. बाकीचं सामान भरल्यावर हौद्यात त्याला जागा उरली नव्हती. त्यानं ते दोन्ही हातांनी उचललं, ट्रेलरपाशी आणलं आणि मागच्या फळक्यावर टेकवता टेकवता थांबला. रीळ जड होतं, तरी तो ते छातीशी धरून उभा राहिला.

"हे कुठं ठेवू गं?" तो म्हणाला.

ट्रेलरपाशी उभं राहून हे त्यानं आजवर कधीच कुणाला विचारलं नव्हतं.