मधली चीर

शिळेवर पांघरलेला काळा झगा आदेलिनोचाच होता. देओलिंदाने तो लांबूनच ओळखला आणि ती तिथेच थांबली.

कड्यावरच्या बागेत त्यांच्या वर्गातली म्हातारी मंडळी सकाळीच जमली होती. पोर्तुगालमधल्या कोइंब्रा विद्यापीठात शिकून गेलेला वर्ग केव्हा ना केव्हा या बागेत परततो, चार ओळी कोरलेली शिळा झाडाखाली बसवतो आणि जेवायला निघून जातो. यांनी मात्र फार उशीर केला होता. निम्मे जण वर गेले होते. आदेलिनोही गेल्या हिवाळ्यात तिकडे फ्रान्समध्ये वारला. शिळेवर घालायला त्याचा विद्यार्थीदशेतला झगा घेऊन त्याची मुलगी सोलांज आली होती.

"अगं, जवळ ये की! झगा काही चावत नाही," फाउस्तो ओरडला. कॉलेजातही तो असाच भसाड्या आवाजात ओरडायचा. "चावलीस ती तूच!"

सगळे हसले. देओलिंदाही हसली. तिथली रीतच अशी: झग्याच्या काठाला डावीकडे घरच्यांनी चिरा पाडायच्या, उजवीकडे मित्रांनी आणि मधोमध फक्त एकीने, जिच्यावर जीव जडला तिने. ती मधली चीर देओलिंदाने याच बागेत, समोरच्या त्या दगडी बाकावर बसून, दातांनी फाडली होती. प्रेम मोडलं की मधली चीर काळ्या दोऱ्याने शिवून टाकायची, हीही रीतच.

आफ्रिकेतल्या लढाईवर जायचं नाही म्हणून आदेलिनो देश सोडून पळाला, तेव्हा तिला म्हणाला होता, "स्टेशनवर ये. दोघं मिळून जाऊ." तिने बॅग भरली आणि आईच्या रडण्याला भिऊन घरीच बसली. पुढे त्याचं लग्न झालं, तिचंही झालं. पण त्याने ती चीर शिवली का, एवढं मरायच्या आत कळायला हवं होतं. शिवली असेल तर विषय संपला. नसेल तर... त्यापुढचं ती मनातसुद्धा म्हणत नसे.

तिने वाकून काठ हातात घेतला. डावीकडच्या चिरा उघड्या होत्या. उजवीकडच्याही. मधली शिवलेली होती.

बरंच केलंस, ती मनात म्हणाली. स्टेशनवर न आलेल्या मुलीसाठी कुणी जन्मभर फाटकं का पांघरावं? तरी डोळे भरून आलेच.

"टाके किती बारीक," ती सोलांजला म्हणाली. "बाबांनी कधी शिवली गं ही?"

"बाबांनी? छे हो!" सोलांजच्या बोलण्याला फ्रेंच हेल होता. "ते कुणाला हात लावू देतील तर शपथ. आई एकदा सुई घेऊन बसली, तर दोन दिवस जेवले नाहीत. काल मीच शिवली. बाकीच्या चिरा बारीक होत्या, ही मेली पार वरपर्यंत गेलेली. म्हटलं, बाबांच्या मित्रांपुढे फाटका झगा कसा न्यायचा?"

फाउस्तोने मान खाली घातली.

"का हो, देओलिंदाबाई? चुकलं का माझं?"

"नाही गं बाळ. छान शिवलीस."

झगा दूर झाला, टाळ्या वाजल्या, कुणीतरी शिळेवरच्या ओळी मोठ्याने वाचल्या. मग सगळे जेवायच्या गडबडीत फाटकाकडे निघाले. "तुम्ही व्हा पुढे, घडी मी घालते," असं म्हणून देओलिंदा झगा घेऊन त्या बाकावर बसली.

दोऱ्याची गाठ तिला सापडली. तिने काठ ओठांपर्यंत नेला. पण तोंडात कवळी होती. गाठ काही तुटली नाही.