शेजारच्या बशीतलं उष्टं

केतकीने नाबर सरांना खरं ते सांगून टाकलं. ताजा पोषक द्रव संपला, म्हणून कोंबडीच्या गर्भातून काढून बशीत वाढवलेल्या पेशींना तिने शेजारच्या हृदयपेशींनी आठवडाभर वापरलेला द्रव घातला होता.

“उष्टं घातलंस? माझ्या पेशींना?” सर ओरडले.

“गाळून घातलं, सर.”

तीस वर्षं सर सांगत आले होते, की पेशीचं मूळ ठरलं की नशीबही ठरलं. मग तिला अमृत पाजा नाहीतर कडू काढा. या पेशी हृदयाचे ठोके वाढवणाऱ्या चेतापेशी व्हायच्या होत्या. पण उष्टं घातलेल्या सहाही बशांत त्या सगळ्या हृदयाला शांत करणाऱ्या चेतापेशी होऊन बसल्या होत्या. केतकीचा सगळा प्रबंध सरांच्या म्हणण्यावर बेतलेला होता, आणि त्यांच्या सहीशिवाय तो विद्यापीठात जाणार नव्हता.

“निदान आपण कुठल्या घरातल्या, एवढं तरी बघायचं त्यांनी,” सर कुरकुरले.

“त्या शेजार बघतात, सर. मी तसंच लिहिणार आहे. तुम्ही सही नाही केलीत तरी.”

सर बराच वेळ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले. मग उठून त्यांनी खिशातलं पेन काढलं. गर्भाच्या कुठल्या भागातून कुठली चेतापेशी होणार, ते बाणांनी दाखवणारा त्यांच्याच हातचा तक्ता भिंतीवर होता. त्यातला या पेशींचा बाण त्यांनी खोडला आणि शेजारी तारीख घालून सही केली.

“आणि बाकीचे बाण?” केतकीने विचारलं.

“ते तू खोड. मी चहाला जातो,” सर म्हणाले. “मला बघवणार नाही.”