लाल लोकर

जावईबापूंना जहाजावरच्या अधिकाऱ्याचं लायसन्स मिळालं आणि घरात कौतुकाला नुसता ऊत आला. मी त्यांच्यासाठीच स्वेटर विणत बसले होते आणि ते मोठ्या ऐटीत सगळ्यांना समजावत होते, "अंधारात समोरचं जहाज दिसत नाही, दिवे दिसतात. डाव्या अंगाला लाल, उजव्या अंगाला हिरवा. ते ओळखण्यात चूक झाली की टक्करच!"

"बरं बरं, तो लोकरीचा लाल गुंडा द्या इकडे," मी म्हटलं.

त्यांनी हिरवा दिला. "अहो, लाल!" म्हटलं, तर टोपलीत शोधून शोधून दुसरा हिरवाच पुढे केला.

सगळे हसले. माझा डॉक्टर मुलगा तेवढा हसला नाही. त्याला दंडाला धरून मी स्वयंपाकघरात नेलं.

"जावईबापूंचे डोळे तूच तपासलेस ना रे? मग पास कसे केलेस?"

"आई, हळू बोल. घरचा माणूस आहे, नोकरी गेली असती. एक सही तर केली."

"शी! मला धड सही येत नाही, पण तुझी सही आठवून किळस येतेय मला."

तेवढ्यात बाहेरून लेकीची हाक आली, "आई, पहिल्याच फेरीला मलाही सोबत न्यायची परवानगी मिळालीय गं!"

डॉक्टरसाहेबांनी माझा हात घट्ट धरला.



"आई, ताईला तेवढं त्या जहाजावर जाऊ देऊ नकोस."