उतरंडीतलं अंगडं

गिरणीच्या चाळीतली खोली दहा फुटांची. कपाट नाही. कोनाडा एकच, त्यात देव. कपडे वळणीवर, अंथरुणं खुंटीवर आणि उरलेला सगळा संसार कोपऱ्यातल्या सात मडक्यांच्या उतरंडीत.

दोन वर्षांची चंपी तापानं गेली तेव्हा धोंडीराम बायकोला म्हणाला, "तिची कापडं देऊन टाक. गेलेल्याचं घरात ठिवू न्हाई. आन् ठिवायला जागा तरी कुटंय?"

गोजरबाईनं सगळं दिलं. एक अंगडं मात्र तळाच्या मडक्यात, जोंधळ्याखाली दडवलं. सहा मडकी उतरवल्याशिवाय तिथं हात पोचत नाही.

दुसऱ्या दिवशी ते त्याच्या वरच्या मडक्यात, डाळीत सापडलं. तिनं भीतीनं तसंच राहू दिलं. मग ते रोज एकेक मडकं वर येत गेलं. उतरंड कुणी हलवलेली नसायची.

सातव्या दिवशी दुपारी तिनं मिठासाठी सगळ्यात वरचं मडकं उघडलं. अंगडं मिठावर होतं. सोडून ठेवलेले बंद आता बांधलेले होते, आणि कापड अंगासारखं ऊन लागत होतं.

धोंडीराम जेवायला बसला होता. तिनं ते त्याच्या हातावर ठेवलं. "तळाला ठिवलं हुतं मी," एवढंच ती बोलली.

तो रागावला नाही. भाकरी टाकून उठला, खुंटीवरची दोन्ही अंथरुणं काढली, भर दुपारी जमिनीवर पसरली आणि आपलं ओढून भिंतीला चिकटवलं. मधे हातभर जागा झाली.

"हितं मावंल की ती," तो म्हणाला.