बकुळीचा उपास

बागेच्या देखभालीच्या बैठकीत शेवंता माळीण तावातावानं बोलत होती. "बकुळीची मुळं कुजायला लागलीत. बुंध्याला लावलेल्या बोलक्या यंत्रातून ती रोज स्पष्ट मराठीत 'पुरे' म्हणते, तरी निंबकरकाका तिला आणखी एक बादली पाणी घालतात!"

"अहो, पहिल्यांदा सगळेच पुरे म्हणतात," काका शांतपणे म्हणाले. "आपण आग्रह नको करायला?"

शेवंतानं मात्र त्याच दुपारी बकुळीच्या यंत्रातला शब्द बदलून टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका नेहमीसारखे भरलेली बादली घेऊन आले. बकुळ म्हणाली, "आज उपास आहे."

काकांनी उचललेली बादली चटकन खाली ठेवली.

"अगं," ते ओशाळून म्हणाले, "मग आधी नाही का सांगायचं?"