उजवा कोपरा

डिशवाल्याने जुन्या टीव्हीमागची अँटेनाची वायर उपटली आणि त्या एकुलत्या एका सॉकेटात डिशची खुपसली. “दोनशे चॅनेल दिलेत, काकू. गच्चीवरचा तो सांगाडा आता भंगारात टाका.” काकूंचं टाळकं सरकलं. “कुणाला विचारून उपटलीस? अँटेनावर आमच्या वन्सं बातम्या बघतात.” “बातम्यांचेच वीस आहेत की यात.” “दाखव.” त्याने ऐटीत वीसही फिरवले. जन्मापासून बहिऱ्या असलेल्या वन्सं दरवेळी पडद्याचा उजवा कोपरा बघून नकारार्थी मान हलवत होत्या. “तिथे हातांच्या खुणांनी बातम्या सांगणारी मुलगी असते. तुझ्या विसांत एक तरी आहे?” डिशवाल्याने पिशवीतून हवी ती वायर निवडायचा छोटा खटका काढला, दोन्ही वायरी त्याला जोडल्या आणि तो टीव्हीच्या सॉकेटात बसवला. “हा पिशवीतच होता होय?” त्याने खटका अँटेनाच्या बाजूला दाबताच कोपऱ्यात मुलगी उगवली. “थांबा, अजून आवाज येत नाहीये.” “ज्यांना यायला हवा, त्यांना येतोय.”